बोटांचा गंज

दुष्काळात बंदुकीला अंघोळ घालणारा माणूस मी एकच पाहिला. महारुद्रआप्पा. ज्या वर्षी लातूरच्या पोलीस लाईनीत बायका टँकरपुढं एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, त्याच वर्षी हा बाबा शस्त्रागाराच्या मागं तीन दगडांवर पातेलं ठेवून पाणी कढवायचा, किटलीत भरायचा आणि नरसाळं लावून रायफलीच्या नळीत ओतायचा. एका नळीला एक किटली. वरून ओतलेलं पाणी खालून काळं होऊन निघायचं आणि भेगाळलेल्या जमिनीत जिरून जायचं. कुंपणापलीकडून बायका बघायच्या आणि कडाकडा बोटं मोडायच्या. "माणसाला प्यायला न्हाई, आन् बंदुकीला अंघोळ!" मी आप्पांच्या हाताखालचा नाईक, त्यामुळं निम्म्या शिव्या माझ्या वाट्याला यायच्या. फुकटच्या.

लोखंडाला पाणी लावलं तर गंज चढणार, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मीही पहिल्या दिवशी तेच म्हणालो होतो. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या देवाला काही बोललो.

"तेल लावून मीठ झाकतूस काय रे दत्तू? आदी मीठ काढ. मग तेल लाव."

त्या वेळच्या काडतुसात असला मसाला असायचा की गोळी सुटली की नळीच्या आत मिठासारखा थर बसायचा. तेलात तो विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. आणि पाणी कढतच पाहिजे, कारण मग नळी इतकी तापते की आपली आपण वाळते. वाळली की चिंधी फिरवायची, मग तेल. चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, झाला की त्याच दिवशी हे सगळं उरकायचं, उद्यावर ढकलायचं नाही. "गंजाला रविवार नसतो," हे आप्पांचं नेहमीचं. सुट्टी मागायला गेलं की हेच ऐकायला मिळायचं, आणि सुट्टी मिळायची नाही ती नाहीच.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेपासून सुटं होऊन जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या, साहेब नवे, साहेबांच्या खुर्च्या नव्या. शस्त्रागाराला मात्र लाईनीच्या कुंपणाला लागून असलेलं एक जुनं दगडी गोदाम मिळालं. मी मूळचा रेणापूरचा. गुडघा कामातून गेला म्हणून मला बंदोबस्तावरून काढून तिथं टाकलेलं. आप्पांना मुद्दाम नांदेडच्या मुख्यालयातून मागून घेतलं होतं. गोदावरीच्या काठी हयात घालवलेला माणूस, ओल आणि गंज ह्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती. आल्या दिवशी राखीव निरीक्षक त्यांना गोदाम दाखवायला घेऊन आले. आम्ही त्यांना आरआय साहेब म्हणायचो. मी कुलूप काढलं. आप्पांनी छत बघितलं नाही, दार बघितलं नाही. सरळ मागच्या भिंतीपाशी गेले, वाकले आणि भिंतीला जीभ लावली. मी मनात म्हटलं, झालं! नांदेडवाल्यांनी येडं माणूस आपल्या गळ्यात मारलं.

"काय आप्पा, चव कशी काय?" साहेबांनी विचारलं.

"खत," म्हणत आप्पा बाहेर जाऊन थुंकून आले. "खताची पोती होती हितं. भिंत प्यालीय सगळी. पावसाळ्यात पाझरंल."

"पाऊस येऊ तर द्या!" साहेब हसले, आणि विषय संपला. दुसरी जागाच नव्हती तर काय करता? आप्पांनीही हुज्जत घातली नाही. रायफली उभ्या करायच्या लाकडी घोड्या त्यांनी भिंतीपासून हातभर पुढं ओढून घेतल्या आणि मधे कळीच्या चुन्याची मडकी ठेवली. कळीचा चुना हवेतली ओल खातो. खाऊन खाऊन फुगला, पीठ झाला, की काढून टाकायचा आणि नवा भरायचा. महिन्याच्या सामानात साबण, झाडू, घासलेट आणि चुना असं मागणीपत्र गेलं की वरचा कारकून विचारायचा, "शस्त्रागार हाय का पानपट्टी?"

दिसायला ठेंगणे, पोट किंचित पुढं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खाकी शर्टाच्या आत गळ्यात लिंग. भेटलं की लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थी" म्हणायचे, पण हात जोडून. हात मिळवायचे नाहीत. कामाच्या आधी लोणचं खायचे नाहीत, आम्हालाही खाऊ द्यायचे नाहीत. मीठ लागलेलं बोट लोखंडाला लागलं तर? आमचे डबे दुपारी सगळं काम उरकल्यावर उघडायचे. माझी बायको डब्यात लिंबाचं लोणचं घालायची आणि आप्पा ते बाजूला काढून, झाकण लावून, संध्याकाळी घरी जाताना माझ्या हातात द्यायचे. असला छळ.

निवडणुका लागल्या की आजूबाजूचे परवानेवाले आपापल्या बंदुका जमा करायला आणत. अहमदपूरकडचा एक पाटील एकदा आपली दुनळी कातडी म्यानात घालून घेऊन आला. म्यान कसलं नामी होतं! पितळी बक्कल, लाल मखमलीचं अस्तर. आप्पांनी बंदूक उपसून घेतली आणि म्यान पाटलाच्या हातात परत दिलं.

"हे घरी न्या."

"कामून? त्याच्यातच ठेवा की. भारीचं हाय."

"चामडं ओल धरतंय, पाटील. तुमी बंदूक पांघरुणात न्हाई, डबक्यात ठेवायलाव."

पाटील असा तापला की त्याच्या मिशा थरथरायला लागल्या. आप्पांनी तोवर त्या बंदुकीच्या घोड्याजवळचा तांबडा ठिपका हेरला होता. त्यावर त्यांनी तेलाचा थेंब सोडला, चहा येईपर्यंत मुरू दिला आणि खिशातून निजामाच्या वेळचा तांब्याचा पैसा काढून त्याच्या कडेनं हळूहळू खरवडायला बसले. तांबं मऊ, पोलाद कडक. गंज तेवढा निघतो, लोखंडावर ओरखडा उठत नाही. पॉलिश पेपर बघितला की मात्र त्यांचं डोकं सटकायचं. "गंजासंगट अंगाची साल काढतूस का?" असं कुणालाही म्हणायचे, अगदी साहेबालाही. ठिपका गेला तेव्हा पाटील मुकाट्यानं म्यान काखेत मारून गेला.

दसऱ्याला तर आम्ही धास्तावलेलेच असायचो. नव्या जिल्ह्याचा पहिला दसरा, शस्त्रपूजेला सगळे बडे साहेब, त्यांच्या बायका, भटजी, झेंडूच्या माळा, सगळा थाट. आप्पांनी भटजीला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, हळदकुंकू दस्त्याच्या लाकडाला लावा, लोखंडाला नको. भटजी म्हणाला बरं. पण नारळ कुणी फोडायचा ह्याच्यावर साहेब लोकांची 'तुम्ही, तुम्ही' चालली आणि शेवटी एकानं असा जोरात आपटला की पाणी उडालं ते थेट ओळीनं मांडलेल्या रायफलींवर. आरती सुरू झालेली. सगळे टाळ्या वाजवायलेत, आणि आमचे आप्पा आरतीच्या मधोमध उकिडवे बसून स्वतःच्या पटक्याच्या सोग्यानं नळ्या पुसायलेत. एका बाईंनी विचारलं, हा काय प्रकार? आरआय साहेब म्हणाले, "त्यांची तीच पूजा हाय, बाई." दुसऱ्या दिवशी आप्पा टोपी घालून आले. पटक्याला तेलाचा वास लागला म्हणून नागम्माआक्कांनी तो धुवायला टाकला होता.

नागम्माआक्का म्हणजे आप्पांची बायको. माहेर देवणीकडचं. घरात दोघं कानडीत बोलायची, आणि भांडायची तर कानडीतच. त्यामुळं भांडण चालू आहे एवढं लाईनीला कळायचं, कशावरून ते कळायचं नाही. एकुलती पोरगी शांता नांदेडला दिलेली. घरात ही दोघंच. आक्का उंच, काटक, जिभेची तिखट. मी निरोप घेऊन गेलो की दारातच म्हणायच्या, "काय रे दत्तू, माझ्या सवती बऱ्या हायत का?"

"बऱ्या हायत, आक्का."

"त्या बऱ्याच ऱ्हाणार. दोन टायमाला तेल, वरून कढत पाणी. मला वर्साला एकदा न्हाऊ घाल म्हण त्यास्नी." आणि मग भांड्यात काय असेल ते हातावर ठेवायच्या.

पाऊस पहिल्या वर्षी कमी झाला आणि दुसऱ्या वर्षी आलाच नाही. लाईनीतली विहीर आटली. टँकर यायचा तो आला तर आला. माणशी घागर ठरलेली. आधी बायका हसून आक्कांना टोमणे मारायच्या, मग हसणं गेलं आणि टोमणे राहिले. "तुमच्या मालकाला सांगा, बंदुकीची तहान जरा दमानं भागवा." आक्का कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "तेंच्या नळीत मीठ राहिलं तर उद्या तुमच्या मालकाच्या तोंडावर फुटंल ती. मग पाणी कुणाच्या तोंडात घालता बगू!" असं एकदा त्यांनी टँकरपुढं सुनावलं, तेव्हापासून तोंडावर कुणी बोललं नाही. घरी मात्र आप्पांशी त्या अबोला धरायच्या. पाणी देत होत्या, बोलत नव्हत्या.

उन्हाळ्यात नव्या भरतीची चांदमारी झाली. सगळ्या रायफली सकाळी डागून परत आल्या, आणि त्या दिवशी टँकर आला नाही. आप्पांनी पिंप हलवून बघितलं. तळाला गाळ. थोडा वेळ ते घोडीला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "घरी जा. आक्काला म्हण, हाय तेवडं पाणी दे."

मी गेलो. आक्कांनी घरातल्या दोन्ही घागरी माझ्यापुढं सरकवल्या. मी म्हटलं, "आक्का, एक ठेवा." त्या म्हणाल्या, "ने रे. बाजाराच्या अंगाला टँकर आलाय म्हणायलेत, मी बगते." डोक्यावर पदर घेऊन, रिकामा हंडा काखेला लावून त्या माझ्या आधीच बाहेर पडल्या. ऊन म्हणजे नुसता जाळ होता.

आम्ही पाणी कढवलं. एकेक नळी घेत गेलो. आप्पांनी ओतायचं, मी चिंधी फिरवायची. थोड्याच राहिल्या होत्या, तेवढ्यात गार्डवरचा एक शिपाई धापा टाकत आला. "आप्पा, आक्का टँकरपाशी पडल्या. चक्कर आली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलंय."

आप्पांच्या हातात किटली होती. नरसाळं नळीत होतं. त्यांनी शिपायाकडं बघितलं, मग किटलीकडं. आणि किटली ओतली. सावकाश, नेहमी ओतायचे तशी, धार न तोडता. नळी उलटी करून निथळली. तळवा लावून ती तापली की नाही ते बघितलं. मग माझ्याकडं दिली. "पूस. तेल लाव." हात फडक्याला पुसले आणि गेले.

ते पोचायच्या आत सगळं संपलं होतं. उष्माघात, असं डॉक्टर म्हणाले. हंडा कुणीतरी लाईनीत आणून दिला, रिकामाच.

त्या ओतण्याबद्दल मला काय वाटलं, असं मला पुढं कुणीकुणी विचारलं. काय सांगू? काही वाटलं नाही. मी चिंधी फिरवली, तेल लावलं, रायफल घोडीवर ठेवली. त्या वर्षी कुणाला काय वाटत होतं? रोज उठायचं, घागर घेऊन उभं राहायचं. चक्कर तर लाईनीत रोज एखादीला यायची. आप्पांनाही तसंच वाटलं असेल.

लिंगायतांत मातीच देतात. खड्डा खणताना जमीन इतकी कडक लागली की पहारीच्या ठिणग्या उडाल्या. नांदेडहून शांता आली. ती बापाच्या छातीवर डोकं आपटून रडली, आणि आप्पा खांबासारखे उभे. डोळ्याला टिपूस नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडतील नंतर. नंतरही नाही रडले. दिवस उरकून कामावर आले, "शरणार्थी" म्हणाले, चुन्याची मडकी बघितली. ज्या बायका बोटं मोडायच्या त्यांनीच आप्पांच्या दारात भरली घागर ठेवायला सुरुवात केली. आप्पा घागर ओलांडून आत जायचे. संध्याकाळी जिची तिनं उचलून न्यायची.

आता खरी गोष्ट पुढंच आहे. आक्का गेल्या, त्याला महिना-दीड महिना झाला असेल. आप्पा जास्तीच काम करायला लागले होते. सकाळी सगळ्यांत आधी येऊन प्रत्येक रायफलीवरून उघडा हात फिरवायचे. गंज डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला खरखर लागते, असं त्यांचं म्हणणं. आणि एके दिवशी तो दिसलाच. नळीवर, हातानं धरायच्या जागी, तांबूस. नुसता ठिपका नव्हता. चार बोटं आणि अंगठा. शेजारच्या रायफलीवर तसाच. त्याच्या शेजारी तसाच. हवेत ओल नाही, भिंत ठणठणीत कोरडी, चुना तसाच खडा. आणि रायफलींना गंज!

औरंगाबादहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. आरआय साहेबांनी बोटं बघितली आणि विचारलं, "हात कुणाचा हाय हा?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तळव्यांना उन्हाळ्यात घाम सुटतो, आख्ख्या लाईनीला ठाऊक. पत्ते खेळताना पानं चिकटतात. साहेब म्हणाले, "दत्तू, तपासणीच्या आत तुझी बदली देवणी ठाण्याला." माझी पोरं लातूरच्या शाळेत, बायकोला धाकट्याच्या वेळचे दिवस गेलेले, आणि माझी बदली! मी आप्पांकडं बघितलं, म्हटलं हे तरी काही बोलतील. आप्पा माझ्या हाताकडं बघत होते.

माझं टाळकंच फिरलं. "आप्पा, बोट दाखवायचं काम न्हाई! इतके दिस हात लावायलो, तवा न्हाई आला गंज!"

"तसं न्हाई रे," आप्पा शांतपणे म्हणाले. "घाम लई जणांना येतो. पण एखाद्याचाच घाम लोखंड खातो. बगून सांगतो."

सामानाच्या पेट्यांना बांधलेल्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांचे त्यांनी तुकडे केले, घासून आरशासारखे लख्ख केले. शस्त्रागारात हात लावणारे आम्ही चौघं. प्रत्येकानं विडी ओढून होईल एवढा वेळ एक पट्टी मुठीत धरायची, मग खिळ्याला टांगायची, खाली खडूनं नाव. मी माझी अशी आवळली की हाताला वळ उठला. खुन्नस, दुसरं काय. सगळ्यांत शेवटी आप्पांनी एक घेतली. मी म्हटलं, "तुमी कामून?" म्हणाले, "हात मीबी लावतो की."

सकाळी कुलूप उघडलं. मी माझ्या पट्टीकडं धावलो. लख्ख! माझा जीव भांड्यात पडला. बाकी दोघांच्याही लख्ख. आप्पांच्या पट्टीवर तांबडी चार बोटं उमटली होती.

आप्पांनी पट्टी उतरवली. खिशातल्या पैशानं खरवडून साफ केली, तेल पुसून काढलं, परत मुठीत धरली, परत टांगली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी त्यांचा हात हातात घेतला तर तो ओलाच होता. पाझरतच होता. "कवापासून हाय हे?" मी विचारलं. त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळ्यांच्या हातावर नजर ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचा हात भिजलेला कळला नव्हता.

आम्हा दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. आप्पांनी मनात आणलं असतं तर पट्टी बदलली असती, मी देवणीला गेलो असतो आणि विषय मिटला असता. त्यांची निवृत्ती जवळ आलेली. त्या गोदामाबाहेर त्यांचं काहीही उरलेलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसत होतं. घर म्हणजे एक स्टोव्ह आणि ओलांडायची घागर. मीच म्हणालो, "आप्पा, कुणाला सांगू नका. तुमी बसून सांगा, आमी करतो." त्यांनी पट्टी कागदात गुंडाळली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. "माझा हात हाय," एवढंच म्हणाले. माझी बदली रद्द झाली. मी त्यांचे आभार मानले नाहीत. कसे मानायचे, तेच कळलं नाही.

साहेबांनी त्यांना सांभाळून घेतलं, नाही असं नाही. डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का बसला की काहींना होतं असं, जाईल आपोआप. आप्पा म्हणाले, "मनाला कुटं काय झालंय?" हातमोजे आणले. ते घालून आप्पांनी एका नळीवरून हात फिरवला आणि लगेच काढून ठेवले. मोज्यातून खरखर लागत नव्हती. मग ते दाराशी स्टुलावर बसायला लागले. हात मांडीखाली दाबून. तिथून सांगायचे, "तिसरी फिरव. उजेडात धर. बोल्टाखाली बग." आम्ही रायफलींवरची सगळी बोटं खरवडून काढली. माझी बायको एक दिवस म्हणाली, "डोळ्यानं रडला न्हाई, आता हातानं रडायलाय बिचारा." मी म्हटलं, गप बस, असलं काही नसतं. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

तपासणीच्या दिवशी मोठे साहेब ओळीपुढं थांबले आणि आप्पांना म्हणाले, "ही रायफल दाखवा." आप्पा सावधानमध्ये उभे राहिले, हात पाठीमागं. "माझा हात चालत न्हाई, साहेब. दत्तू दाखवील." साहेबांनी कारण विचारलं, आप्पांनी होतं ते सांगून टाकलं. रायफली चकाचक होत्या, साहेब खूश होते. पण जाताना आरआय साहेबांना म्हणाले, हत्याराला हात लावू शकत नाही तो माणूस शस्त्रागारात कसा? बरोबरच होतं त्यांचं. आप्पांनी चावी माझ्याकडं दिली. फडक्यात धरून दिली.

मग आरआय साहेबांनी त्यांना हलकं काम म्हणून लाईनीच्या पाणी वाटपावर टाकलं. टँकरवर. साहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. मी तोंड उघडणार होतो, पण आप्पाच म्हणाले, "बरं हाय. हितं हात ओला असला तरी चालतो." टँकरच्या तोटीपाशी उभे राहून घराघराचा नंबर पुकारायचे. कुणाला चुळूक जास्त नाही की कमी नाही. भांडणं बंद झाली. त्यांच्यासमोर भांडायला कुणाची जीभ उचलणार? स्वतःच्या घराचा नंबर आला की तोही पुकारायचे, तोटी धरून क्षणभर थांबायचे आणि पुढचा नंबर घ्यायचे. असं निवृत्तीपर्यंत. पुढं पाऊस झाला, पण तेव्हा आप्पा शांताकडं नांदेडला निघून गेले होते.

त्यानंतर एकदाच भेटले. मी कामानं अहमदपूरला गेलो होतो आणि एसटी स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. नांदेडची गाडी येऊन लागली, तिच्यातून आप्पा उतरले. खांदे पडलेले, धोतर, कपाळावर तेच तीन पट्टे. आक्कांच्या पुण्यतिथीला लातूरला चालले होते, समाधीवर बेल वाहायला. मला बघून हात जोडले, "शरणार्थी." मी त्यांचं काही चालू दिलं नाही, हात धरलाच. आणि दचकलो. हात कोरडा होता. खडखडीत कोरडा. पहिल्यासारखा.

"आप्पा! कोरडा हाय की!"

"हाव. मागल्या उन्हाळ्यापासून."

"मग बोलला का न्हाईत? कळवायचं तरी!" मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात सोडीचना. सांगत सुटलो, आता शस्त्रागाराला नवी इमारत झाली, नवीन रायफली आल्यात, चावी अजून माझ्याकडंच आहे. "लातूरला चाललातच, तर चला माझ्यासंगट. एकदा सगळ्यांवरनं हात फिरवा. कुणी काही म्हणणार न्हाई."

"नको."

"कामून नको? आता काय अडचण हाय? हात तर कोरडा हाय!"

आप्पांनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. उलटा करून तळव्याकडं बघितलं.

"तवाबी कोरडाच होता की रे," ते म्हणाले. "शिपाई निरोप घेऊन आला, तवा. तवा कुटं भिजला?"

लातूरची गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकायला लागले. मी आप्पांसाठी जागा धरली, ते खिडकीशी बसले, मी शेजारी.